पक्ष्यांचं पाणी: परळ उथळच हवी

उन्हाळ्यात गच्चीवर पक्ष्यांसाठी पाणी ठेवायचं तर मातीची पसरट परळ घ्या. स्टीलचं भांडं उन्हात चटका बसेल इतकं तापतं. पाणी दोन इंच पुरे. चिमणी, बुलबुल काठावर बसून पितात, पण आंघोळीला आत उतरतात तेव्हा पायाखाली काहीतरी लागतं. म्हणून मधोमध एक खडबडीत दगड ठेवा, त्याचा माथा पाण्याबाहेर राहू द्या. खोल बादली नकोच, पिल्लं बुडतात.

जागा सावलीतली, पण दाट झाडाच्या कुंडीला खेटून नको: मांजर तिथेच दबा धरतं. पाच-सहा फूट मोकळं असावं.

नुसतं पाणी ओतून टाकून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेलगत कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी टिकतात. पाणी रोज बदला, दर तीन-चार दिवसांनी काथ्याने कडा खसाखसा घासा. साबण नको, माती तो शोषून घेते. लक्षात राहत नसेल तर सकाळी दूध आणायला निघतानाच परळ भरायची. वेगळा संकल्प केलात की आठवड्यात बारगळतो!