तृतीयपंथीयांना सार्वजनिक सुविधा नाकारणाऱ्या विधेयकाला विरोध कसा नोंदवावा : पुणेकरांसाठी मार्गदर्शन

सार्वजनिक स्वच्छतागृह, रुग्णालयातील वॉर्ड, वसतिगृह, रात्रनिवारा किंवा जलतरण तलाव यांचा वापर तृतीयपंथी आणि पारलिंगी व्यक्तींना नाकारणारा, किंवा त्यावर जाचक अटी घालणारा कायदा राज्यात येऊ घातला, तर विरोध कोठे, केव्हा आणि कसा नोंदवायचा, हे येथे सांगायचे आहे. कोणतेही एक विधेयक डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलेले नाही. माझे ठाम मत एवढेच आहे की असा निर्बंध मसुद्याच्या अवस्थेतच, कलमवार आणि लेखी हरकतींनी अडवला पाहिजे. मंजूर झालेला कायदा न्यायालयात रद्द होऊ शकतो, पण तोवर माणसांचे आयुष्य निघून जाते. हैदराबाद संस्थानात 1919 साली झालेल्या कायद्याने तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवण्याची आणि स्त्रीवेशात रस्त्यावर दिसल्यास वॉरंटशिवाय अटक करण्याची मुभा दिली होती. तो घटनाबाह्य ठरवणारा तेलंगणा उच्च न्यायालयाचा निकाल यायला जुलै 2023 उजाडला.

सर्वप्रथम आपल्यासमोर नेमके काय आले आहे, ते ओळखावे. वर्तमानपत्रांत सगळ्याच गोष्टींना ‘नवा कायदा’ म्हटले जाते. प्रत्यक्षात ते विधिमंडळात मांडलेले विधेयक असेल, राज्यपालांनी काढलेला अध्यादेश असेल, एखाद्या जुन्या कायद्याखालील नियमांचा मसुदा असेल, शासन निर्णय असेल, महापालिकेचा ठराव असेल किंवा पोलीस आयुक्तांचा मनाई आदेश असेल, आणि प्रत्येकाचा दरवाजा वेगळा असतो. पुण्याला याचा अनुभव आहे. एप्रिल 2024 मध्ये शहर पोलिसांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली, चौकांत थांबून वाहनचालकांकडे पैसे मागण्यास मनाई करणारा जो आदेश काढला, त्यात तृतीयपंथीयांचा नाव घेऊन उल्लेख होता. जबरदस्तीने पैसे उकळणे हा गुन्हा आहेच आणि तो कोणीही केला तरी गुन्हाच आहे. आदेशात कृत्याबरोबर समूहाचेही नाव आले की त्या समूहातील प्रत्येक जण, तो केवळ रस्ता ओलांडत असला तरी, संशयित ठरतो. 1 जुलै 2024 पासून असे आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निघतात. त्यांची मुदत सामान्यतः दोन महिन्यांची असते आणि आदेशाची झळ बसणारी व्यक्ती तो मागे घेण्यासाठी वा बदलण्यासाठी अर्ज करू शकते. मुदत संपली की विषय संपला असे समजून बसू नये, कारण तोच मजकूर पुन्हा नव्या तारखेने निघू शकतो.

विधेयक असेल, तर वेळ हीच खरी अडचण असते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात 23 मार्च 2016 रोजी, एकाच दिवसाच्या विशेष अधिवेशनात, जन्मदाखल्यावरील लिंगानुसारच शासकीय इमारतींतील स्वच्छतागृहे वापरण्याची सक्ती करणारे विधेयक मांडले गेले, दोन्ही सभागृहांत मंजूर झाले आणि त्याच रात्री राज्यपालांची सहीही झाली. विरोधकांना मसुदा नीट वाचण्याइतकाही अवधी मिळाला नाही. स्वच्छतागृहांबाबतची ती तरतूद पुढे वर्षभराने मागे घेण्यात आली, आणि त्यामागे उद्योगांनी व क्रीडा संघटनांनी राज्याकडे फिरवलेली पाठ हे एक मोठे कारण होते. आपल्याकडे अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, तर हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते, आणि अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसांत विधेयके घाईने मंजूर होतात हे कोणीही जाणकार सांगेल. म्हणून अधिवेशन सुरू असताना विधिमंडळाच्या संकेतस्थळावरील त्या दिवसाच्या कामकाजाचा क्रम आणि शासन राजपत्र रोज पाहणारी दोन माणसे गटात ठरवून द्यावीत.

या टप्प्यावर आमदारांकडे एकच मागणी लावून धरावी: विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवा. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक डिसेंबर 2024 मध्ये असेच संयुक्त समितीकडे गेले, तेव्हा समितीकडे 12 हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या आणि काही कलमांच्या शब्दरचनेत बदल झाले. जुलै 2025 मध्ये ते मंजूर झालेच, त्यामुळे समिती म्हणजे विजय नव्हे. पण समितीमुळे महिने मिळतात, हरकती अधिकृत नोंदीत येतात आणि पुढे न्यायालयात त्या दाखवता येतात.

पुणे शहरात विधानसभेचे आठ मतदारसंघ आहेत: कसबा पेठ, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, खडकवासला, हडपसर, वडगाव शेरी आणि पुणे कॅन्टोन्मेंट. विधान परिषदेतही पुणे विभागाचे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघ आहेत, आणि या मतदारसंघांत नाव असलेले अनेक पुणेकर तेथील आमदारांकडे कधीच जात नाहीत. ती वाट अवश्य वापरावी. आमदार सत्ताधारी पक्षाचे असले तरी भेट टाळू नये, कारण दुरुस्ती बहुधा सत्ताधारी बाकांवरील खासगी नाराजीतूनच घडते. भेटीला चार-पाच जणांनी जावे, त्यात त्याच मतदारसंघातील किमान एक तृतीयपंथी मतदार असावा, एक पानाचे निवेदन द्यावे आणि प्रतीवर शिक्का, तारीख व सही घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये.

आता हरकत कशी लिहावी, याकडे वळतो, कारण बहुतेक हरकती येथेच कमकुवत होतात. ‘आम्ही या अन्यायकारक विधेयकाचा निषेध करतो’ एवढेच लिहिलेल्या पाचशे पत्रांपेक्षा कलमाचा क्रमांक घेऊन लिहिलेली पाच पत्रे समितीला जास्त वेळ थांबवतात. आधी विधेयकाच्या शेवटी छापलेले उद्देश व कारणांचे निवेदन वाचावे. तेथे सांगितलेला हेतू आणि कलमांचा प्रत्यक्ष परिणाम यांत तफावत असेल, तर तीच आपली पहिली हरकत. मग व्याख्यांचे कलम पाहावे. ‘स्त्री’, ‘पुरुष’ किंवा ‘सार्वजनिक सुविधा’ यांच्या व्याख्येत एखादा शब्द वाढवून बरेच काही साधले जाते. त्यानंतर शास्तीचे कलम पाहावे: दंड कोणाला, पडताळणी कोण करणार आणि कोणत्या कागदावरून.

प्रत्येक हरकतीला कायद्याचा आधार जोडावा. राज्यघटनेच्या अनुच्छेद 15(2) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांच्या वापरात लिंगासह अन्य कारणांवरून होणाऱ्या भेदभावाला मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण विरुद्ध भारत सरकार) निकालात या लिंगभेदाच्या मनाईत लिंगओळखीचाही समावेश केला आणि रुग्णालयांत वैद्यकीय सेवा व स्वतंत्र सार्वजनिक स्वच्छतागृहे पुरवण्याचे निर्देश सरकारांना दिले. संसदेने 2019 मध्ये केलेल्या तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याच्या कलम 3 मध्ये सर्वसामान्यांसाठी असलेल्या सुविधा नाकारण्यास मनाई करण्यात आली, तर कलम 18 मध्ये सार्वजनिक जागेचा वापर अडवणाऱ्यास सहा महिने ते दोन वर्षे कारावास व दंड ठेवण्यात आला. उद्धृत करण्यापूर्वी कायद्याची अद्ययावत प्रत पाहावी. जुन्या छापील प्रतीवर विसंबू नये. केंद्राच्या पेयजल व स्वच्छता मंत्रालयाने एप्रिल 2017 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तृतीयपंथी व्यक्तींना स्त्रियांचे किंवा पुरुषांचे, त्यांच्या पसंतीचे सार्वजनिक स्वच्छतागृह वापरू द्यावे असे म्हटले होते, तोही आधार जोडावा.

महाराष्ट्रातील समितीपुढे आणखी एक दाखला द्यावा, आणि तो आपल्याच इतिहासातला आहे. सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 मध्ये संमत केला. तरीही चवदार तळ्यासाठी 1927 मध्ये महाडला सत्याग्रह करावा लागला आणि त्यावरील खटला 1937 पर्यंत चालला. ज्या विधिमंडळाच्या परंपरेत पाणवठे खुले करणारा ठराव आहे, त्याच विधिमंडळाने स्वच्छतागृहाच्या दारावर ओळखपत्र मागणारे कलम मंजूर करावे काय, हा प्रश्न सरळ शब्दांत विचारावा.

स्त्रियांच्या सुरक्षिततेचा मुद्दा हमखास पुढे येईल, आणि त्याला उडवून लावणे चूक ठरेल. पुण्यात घराबाहेर काम करणाऱ्या स्त्रियांना स्वच्छतागृहाअभावी होणारा त्रास खरा आहे. बंद कुलपे, तुटलेल्या कड्या, पाणी नाही, रात्री दिवा नाही, हे सर्व त्या रोज सोसतात. चोरून पाहणे, पाठलाग, विनयभंग हे भारतीय न्याय संहितेत गुन्हे आहेतच, आणि ते करणाऱ्याला नवे विधेयक नसतानाही शिक्षा होऊ शकते. उलट दारावर पडताळणी सुरू झाली, तर ती फक्त तृतीयपंथीयांची होणार नाही: केस आखूड असलेली मुलगी, भारदस्त आवाजाची बाई, आजारपणाने चेहऱ्यावर लव आलेली स्त्री, या सगळ्यांना सेवकापुढे स्वतःला सिद्ध करावे लागेल. म्हणून कष्टकरी महिलांच्या संघटनांना सुरुवातीपासून सोबत घ्यावे आणि संयुक्त निवेदनात आतून कडी लागणारे स्वतंत्र कक्ष, दिवे, पाणी व पूर्णवेळ सेवक यांची मागणी करावी. यासाठी आकडे हवे असल्यास महापालिकेकडे माहिती अधिकारात अर्ज करावा. शुल्क 10 रुपये आहे, उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे, आणि महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर व 150 शब्दांत बसवावा लागतो.

अनुभवकथनांबाबत मात्र फार जपून वागावे. समितीकडे गेलेला कागद पुढे कोणाच्याही हाती पडू शकतो. घरी ओळख न सांगितलेल्या मुलाचे नाव त्यात असेल, तर आपली हरकतच त्याचे घर हिरावून घेऊ शकते. नाव, पेठ, नोकरीचे ठिकाण काढूनच निवेदन जोडावे आणि त्या व्यक्तीला अंतिम मजकूर वाचून दाखवावा. काय मागायचे आणि कशावर तडजोड करायची, हे ठरवणाऱ्या बैठकीत तृतीयपंथी, ट्रान्स पुरुष आणि ट्रान्स स्त्रिया बहुसंख्येने असाव्यात. बाकीच्यांनी टंकलेखन, झेरॉक्स आणि हेलपाटे सांभाळावेत.

निवेदनाची एक प्रत समाजकल्याण आयुक्तालयाला द्यावी, कारण राज्याचे हे कार्यालय पुण्यातच, चर्च पथावर आहे. जिल्हाधिकारी कार्यालयासमोर निदर्शने करायची असतील, तर संबंधित पोलीस ठाण्यात आधी लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच सोबत बाळगावी.

एवढे करूनही विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झाले, तर राज्यपालांना तातडीने निवेदन पाठवावे. अनुच्छेद 200 नुसार ते विधेयक फेरविचारासाठी परत पाठवू शकतात किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवू शकतात. त्यानंतर उरतो उच्च न्यायालयाचा मार्ग. कोल्हापूरला ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले असले तरी पुणे जिल्हा त्याच्या कक्षेत नाही, त्यामुळे अनुच्छेद 226 खालील याचिका मुंबईलाच दाखल करावी लागेल. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर शिवाजीनगर न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत साहाय्यासाठी चौकशी करावी, आणि जाताना शिक्के घेतलेल्या निवेदनांच्या प्रती, माहिती अधिकारातील उत्तरे व समितीला पाठवलेल्या हरकती तारखेच्या क्रमाने लावून न्याव्यात.