गावरान टरबुजाचं बी घरी राखताय? मग या चुका टाळा

दरवर्षी आखाजी (अक्षय्य तृतीया) उलटली की हीच तक्रार घेऊन कोणीतरी दारात उभं राहतं. "नाना, बी तर गोड फळाचंच ठेवलं होतं. मग यंदा टरबूज फिकं का निघालं?" टरबूज खाताना बिया ताटलीत गोळा केल्या, धुऊन डबीत टाकल्या की बी राखलं, अशी बहुतेकांची समजूत आहे. बी कसं निघणार हे फळ कापायच्या महिनाभर आधीच, फूल उमललं त्या सकाळी ठरून गेलेलं असतं. तेव्हा वेलीकडे कोणी फिरकत नाही आणि नंतर दोष बियाला.

शेजारचं शेत विसरणं

पूर्वी आपल्या खानदेशात तापीच्या नि अनेरच्या पात्रात, वाळूत चर खोदून, शेणखत भरून टरबुजं लावायचे. आजूबाजूला सगळ्या त्याच वाणाच्या वेली, त्यामुळे भेसळीची भीती कमी. आता सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा इथे बॅरेज झाले, बरीच वाळू पाण्याखाली गेली आणि टरबूज शेतात आलं. मल्चिंग पेपर, ठिबक आणि हायब्रीड. या हायब्रीडच्या मधोमध तुमच्या परसातल्या चार गावरान वेली. मधमाशीला बांध कळत नाही. टरबुजात नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं, आणि पराग नेण्याचं काम मुख्यतः माश्यांचंच. बियासाठी दोन वाणांत अर्धा ते एक किलोमीटर अंतर ठेवा म्हणतात. आपल्या गावात ते आणायचं कुठून?

चोपड्याकडच्या माझ्या भाच्याने आमच्या जुन्या वाणाचं बी नेलं होतं. लांबट फळ, फिकट हिरवी साल, त्यावर गडद पट्टे. जाताना बजावलं की फुलं बांध, हाताने पराग लाव. तो हसला. "मामा, एवढं कोण करतं? मधमाश्या आहेत की!" त्याच्या बांधापलीकडे काळ्या सालीच्या हायब्रीडचं दोन एकराचं शेत. पहिल्या वर्षी फळं अस्सल निघाली, पट्टे तसेच, गोडी तशीच. पठ्ठ्याने मलाच फोन करून ऐकवलं. मग बिया पुड्या बांधून साऱ्या सोयऱ्यांना वाटल्या.

पुढच्या आखाजीला त्याच्या चुलतसासऱ्याकडे लेकी-जावई जेवायला, आणि ताटाशेजारी टरबूज कापलं. एक आतून गुलाबीसर, एकाची साल बोटभर जाड, एक बाहेरून निम्मं काळं. जावई मंडळींनी एकेक फोड खाऊन बाकीच्या तशाच ठेवल्या. संध्याकाळी भाच्याचा फोन: "मामा, बी ते तुम्हनंच व्हतं ना!"

बी माझं होतं, बाप शेजारच्या शेतातला होता. फळाचा गर आणि साल आईची असते, म्हणून ज्या वर्षी भेसळ होते त्या वर्षी फळावर काहीच दिसत नाही. भेसळ बियाच्या पोटात असते, ती पुढच्या वर्षीच्या वेलीवर उघडी पडते. पहिलं वर्ष छान गेलं म्हणून फुशारणारे सगळे इथेच फसतात. त्यात भाच्याने मूळ बी सगळंच लावून टाकलेलं. मी कुठलंही बी अर्ध्याहून जास्त कधी पेरत नाही, अर्धं बाटलीत राहतं. त्याला परत द्यायला बी उरलं ते त्यामुळे.

आता उपाय. संध्याकाळी वेलीत फिरायचं. उद्या उमलणारी कळी ओळखू येते, टोक पिवळं झालेलं पण पाकळ्या मिटलेल्या. मादी कळीच्या खाली इवलंसं लवदार टरबूज असतं, नर कळीला नुसता बारीक देठ. दोन्ही कळ्यांची टोकं सुती दोऱ्याने सैल बांधायची. लोक चिमटे लावतात, मला ते पटत नाही, कळी वजनाने वाकते. सकाळी नऊच्या आत नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मादी फुलाच्या मधल्या तीन फाकी भागावर पराग सगळीकडून लागेल असा फिरवायचा. नर फूल त्याच वाणाच्या दुसऱ्या वेलीचं घ्यावं, मी दोन फुलं वापरतो. मग मादी फूल पुन्हा बांधायचं आणि देठाला लाल दोरा. बी फक्त लाल दोऱ्याच्या फळाचं, बाकीची खुशाल खा.

यातली निम्मी तरी गळतात. "नाना, तुमची पद्धत चालत नाही" म्हणणाऱ्यांनी दोन फुलं बांधलेली असतात, त्यातलं एक अकरा वाजता उन्हात. वेलीवर आधीच फळ धरलेलं असेल तर वेल नवं टाकून देते, त्यामुळे बी हवं त्या वेलीचं आधीचं फळ काढून टाकायला जीव घट्ट करावा लागतो.

जिथे लोक उगाच घाबरतात

कुंपणाला खरबूज होतं म्हणून टरबूज फिकं झालं, असं अजूनही ऐकतो. खरबूज, काकडी, भोपळा यांचा टरबुजाशी संकर होत नाही, बिनधास्त शेजारी लावा. फळ फिकं होतं ते बहुधा काढणीच्या तोंडावर पाणी देत राहिल्याने, नाहीतर कच्चं तोडल्याने.

सुरुवातीला नुसती नर फुलं येतात. वेल वांझ नाही, आठ-दहा दिवस थांबा.

संक्रांतीआधी उघड्यावर बी टोकू नका, आपल्याकडच्या थंडीत ते कुजतं. काळ्या जमिनीत सपाटीवर तर नकोच, उंच गादी करा. औषध मारायचं तर संध्याकाळी, सकाळी मारलंत तर माश्या मरतात.

बाजारातलं गोड टरबूज बहुतेक हायब्रीड असतं, त्याचं बी लावून तसंच फळ मिळायचं नाही. जुनं घरचं बी मिळत नसेल तर शुगर बेबी किंवा अर्का माणिक घ्या, ही सरळ वाणं आहेत, म्हणजे बी राखलं तर पुन्हा तसंच फळ देणारी. नाव सारखं दिसतं म्हणून अर्का ज्योती उचलू नका, तो संकर आहे. बिनबियांच्या टरबुजातल्या पांढऱ्या, पोकळ टरफलांतून रोप काढायचं कसं, हेही मला विचारून झालंय.

मे महिन्याची गच्ची

ही दुसरी चूक बायकांची म्हणतात, पण पुरुषांनीही तितकीच केलेली पाहिली आहे. गच्चीवर पापड-कुरडयांचं वाळवण चालूच असतं, त्याच्या कडेला स्टीलच्या ताटात टरबुजाचं ओलं बी. मेमध्ये आपल्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, तो सावलीतला. उन्हातलं ताट हाताला धरवत नाही. ओल्या बियाला पस्तिशीच्या वरची उष्णताच नको असते, इथे ते आतून भाजून निघतं. वरून काळंभोर, खणखणीत वाळलेलं दिसतं आणि जानेवारीत एकही कोंब येत नाही. मग "गावरान बी उगवतच नाही" अशी आवई उठते.

माझं बी घरात वाळतं. लाल दोऱ्याच्या फळाची देठाजवळची बाळी (वेलीचा कुरळा तणावा) पूर्ण सुकली, जमिनीला टेकलेला डाग पिवळा झाला की खायला तयार. बियाचं फळ मी त्यानंतरही आठवडाभर वेलीवर ठेवतो. घाईने कापलं की पांढऱ्या, पोकळ बिया फार निघतात. कापल्यावर बी हाताने चोळून स्वच्छ धुवायचं, गोडवा राहिला तर मुंग्या आणि बुरशी. पाण्यावर तरंगतं ते बहुतेक पोकळ, फेकून द्यावं. उरलेलं पंख्याखाली, सावलीत, सुती कापडावर पातळ पसरून रोज हलवायचं. कागदावर पसरू नका, चिकटून बसतं. दोन बोटांत वाकवून बघा. लवलं तर ओलं, कटकन मोडलं तर झालं.

राहिलेलं

सगळ्यात चांगलं फळ पाहुण्यांना आणि वेलीच्या शेंड्याचं उरलंसुरलं बियाला, हा उलटा व्यवहार बंद करा. एकाच फळाचंही नको, पाच-सहा वेलींचं एकत्र ठेवा. सालीवर पाणचट डाग पसरलेलं फळ कितीही मोठं असो, त्याचं बी नको. काही रोग बियातूनच पुढच्या वर्षी येतात.

काचेची कोरडी बाटली, घट्ट झाकण, थोडी राख, वर वाणाचं नाव आणि साल. "लक्षात राहील" म्हणणाऱ्यांच्या घरी तीन बिननावाच्या बाटल्या असतात. नीट वाळवलेलं बी चार-पाच वर्षं उगवतं.

लावणीच्या पंधरा दिवस आधी वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून चुलीजवळ ठेवा. आठवड्यात चौदा-पंधरा तरी फुटायला हव्यात. दहाच फुटल्या तर आळ्यात दुप्पट टोका आणि यंदा जास्त फुलं बांधा.