दुर्मीळ पांढरी वाईन चाखताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात बेळगावात, टिळकवाडीतल्या आमच्या घरी, पाच जणांनी वर्गणी काढून मागवलेली एक बाटली उघडली. फ्रान्समध्ये लुआर नदीकाठी साव्हेनिएर येथे होणारी, शेनिन ब्लाँ या एकाच जातीच्या द्राक्षांची ‘कुले द सेराँ’ ही ती वाईन. फ्रिजमधून काढली, लगेच पेल्यांत ओतली आणि दहा मिनिटांत ‘आंबट, तुरट, वास काहीच नाही’ असा निकाल देऊन आम्ही जेवायला बसलो. तळाशी उरलेली वाईन मी बूच लावून ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती चाखली तेव्हा पिकलेल्या पेरूचा, पोळ्याच्या मेणाचा आणि वाळल्या गवताचा वास इतका स्वच्छ येत होता की बाकीच्या चौघांना बोलावून घ्यावेसे वाटले. पण उरला होता जेमतेम अर्धा पेला. वाईन तीच होती, चूक आमची होती, आणि ही चूक बहुतेक घरांत होते म्हणून हे लिहीत आहे.

पहिला दोष अतिथंडपणाचा. घरच्या फ्रिजचे तापमान साधारण 4 ते 5 अंश असते. इतक्या थंडीत वासाची द्रव्ये वर येत नाहीत, उलट आंबटपणा आणि तुरटपणा अधिक टोचतो. शेनिन ब्लाँमध्ये आम्ल मुळातच भरपूर असल्याने तिचे नुकसान सर्वांत जास्त होते. हलक्या, ताज्या पांढऱ्या वाईनला 8 ते 10 अंश शोभतात, पण अशा भरीव वाईनला 12 ते 14 अंश हवेत. आपल्याकडच्या पावसाळी हवेत बाटली अर्धा तास आधी बाहेर काढली तर पुरते. एप्रिल-मे महिन्यांत मात्र पेल्यातली वाईन पाहता पाहता तापते, म्हणून तेव्हा पेला भरू नये. दोन-तीन घोटांपुरतीच ओतावी आणि बाटली गार पाण्यात उभी ठेवावी.

दुसरी चूक घाईची, आणि माझ्या मते हीच सर्वांत महागात पडते. ‘कुले द सेराँ’चा मळा अवघा सात हेक्टरांचा, म्हणजे सुमारे 17 एकरांचा, सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या भिक्षूंनी बाराव्या शतकात तिथे वेली लावल्या आणि तिथले बागायतदार निकोला जोली यांनी 1980 च्या दशकात तो पूर्णपणे बायोडायनॅमिक पद्धतीवर, म्हणजे रसायने टाळून आणि चंद्र-ग्रहांची गती पाहून करायच्या शेतीवर, आणला. तिथे द्राक्षे पूर्ण पिकेपर्यंत थांबून अनेक तोड्यांत काढतात. अशी वाईन घट्ट असते, तिला उमलायला हवा लागते. बाटली काही तास आधी उघडून रुंद तोंडाच्या काचेच्या भांड्यात ओतून ठेवावी. भांडे नसेल तर एक पेलाभर वाईन काढून घेऊन बाटली तशीच राहू द्यावी.

हवेचा आणखी एक उपयोग म्हणजे दोष ओळखता येतो. बूच काढताच ओढलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा वास आला तर घाबरू नये, तो बहुधा अर्ध्या तासात उडून जातो. पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याचा किंवा गोणपाटाचा कोंदट वास मात्र हवेने जात नाही, उलट वाढतो. तो बुचातून उतरलेल्या टीसीए या द्रव्याचा असतो आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढ्यानेही बाटली बिघडते. ती परत करावी. तिच्यावरून मळ्याची पारख करू नये. गडद सोनेरी रंग हाही दोष नव्हे. रंग तपकिरीकडे झुकला असेल आणि चिरून ठेवलेल्या काळ्या पडलेल्या सफरचंदाचा वास येत असेल, तरच वाईनला नको तितकी हवा लागली आहे असे समजावे. तळाशी खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे कण दिसले की काही जण काच समजून वाईन मोरीत ओततात. ते टार्टारिक आम्लाचे निरुपद्रवी क्षार असतात आणि गारव्याने खाली बसतात.

बायोडायनॅमिक या शब्दाभोवतीचे गैरसमजही चव बिघडवतात. ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांच्या 1924 मधील व्याख्यानांतून ही पद्धत निघाली. गाईच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर जमिनीत पुरायचे, मग ते पाण्यात तासभर घुसळून मळ्यावर शिंपडायचे, हे ऐकले की जीवामृत करणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना ती घरचीच गोष्ट वाटते. ती आपुलकी मलाही वाटते, पण चाखताना बाटलीला कापड गुंडाळावे, म्हणजे जीभ गोष्टीला नव्हे तर वाईनला दाद देते. या वाईनमध्ये गंधकाचा अंश मुळीच नसतो हा समज चुकीचा आहे; डीमीटर या प्रमाणन संस्थेचे नियम मर्यादित प्रमाणात तो वापरू देतात. मद्यार्कही इतर वाईनइतकाच असतो. चंद्राच्या स्थितीवरून दिवस ठरवणारे बायोडायनॅमिक पंचांग पाहून त्यातल्या ‘फळाच्या दिवशी’च वाईन चाखावी असेही सांगितले जाते, न्यूझीलंडमध्ये 19 अनुभवी चाखणाऱ्यांना 12 तांबड्या वाईन देऊन ही समजूत तपासली गेली, तेव्हा दिवसाचा काहीच परिणाम आढळला नाही. हा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला.

घरातले वास आवरावेत. उदबत्ती, मोगऱ्याचा गजरा, लसणाची फोडणी यांपुढे नाजूक वाईन टिकत नाही. डांबरगोळ्यांच्या कपाटातल्या फडक्याने पेले पुसले तर तो वास थेट नाकाशी येतो, म्हणून पेले साध्या पाण्याने विसळून हवेवर वाळवावेत. ठेच्याने मद्यार्काची जळजळ वाढते, आणि कुंदा ही आमच्या बेळगावची मिठाई खाऊन घेतलेला कोरड्या वाईनचा पहिला घोट निव्वळ आंबट लागतो. कुंदा शेवटी खावा.

गोव्याहून चोर्ला घाटाने बाटली आणायची असल्यास आधी परवान्याचे नियम पाहावेत आणि ती उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. बूच वर सरकले असेल किंवा टोपणाखाली चिकटपणा असेल तर बाटली तापली होती असे समजावे. घरी आणल्यावर ती माजघरासारख्या गार, अंधाऱ्या जागी आडवी ठेवून आठवडाभर विसावू द्यावी. उघडलेली बाटली एका बैठकीत संपवू नये. बूच लावून फ्रिजमध्ये ठेवावी, सलग तीन संध्याकाळी थोडी थोडी चाखावी आणि प्रत्येक वेळी दोन ओळी लिहून ठेवाव्यात.