नळीतून आहार: फीड देण्याआधी, देताना आणि नंतर

घरी राइल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून, आहार देताना सगळ्यांची काळजी असते ती फॉर्म्युला (नळीतून द्यायचा तयार आहार) कोणता द्यायचा याची. त्याहून मोठा प्रश्न दर फीडच्या आधी विचारायचा असतो: नळीचं टोक आत्ता पोटातच आहे का? जोराचा खोकला, उलटी, कूस बदलताना बसलेला ओढा, एवढ्यानेही नळी सरकते. मग फीड फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

नळी बसवली त्या दिवशी नाकपुडीपाशी कितव्या सेंटीमीटरची खूण होती ते लिहून पलंगाजवळ लावा आणि दर वेळी ताडून पाहा. मग सिरिंजने हलकेच थोडा द्राव ओढून पीएच पट्टीवर, म्हणजे आम्लता दाखवणाऱ्या पट्टीवर, टाका. ५.५ किंवा त्याहून कमी आला तर नळी पोटात आहे असं धरतात. द्राव आलाच नाही तर रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून १५-२० मिनिटांनी पुन्हा ओढा. ॲसिडिटीच्या गोळ्या चालू असतील तर पीएच वर दाखवतो. अशा रुग्णासाठी काय करायचं ते डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या. हवा सोडून पोटावर गुडगुड ऐकण्याची पद्धत सर्रास दिसते, पण तिच्यावर विसंबू नका. टोक चुकीच्या जागी असतानाही तसाच आवाज येऊ शकतो. शंका असेल तर फीड देऊ नका. एक फीड उशिरा झालं तर चालतं.

आता रुग्णाला बसवणं. कंबरेपासून वरचं सगळं अंग ३० ते ४५ अंश उचललेलं हवं. नुसत्या उशा रचल्या की मान पुढे वाकते आणि पोट दाबलं जातं. पलंगाची डोक्याकडची बाजूच उचलणं चांगलं. फीड संपल्यावरही निदान ३० मिनिटं, जमल्यास तासभर तसंच बसवा.

पावडर डब्यावर लिहिलेल्या मापानेच कालवा. ‘जरा ताकद यावी’ म्हणून एक चमचा जास्त घातला की जुलाब लागतात, नळीही तुंबते. कालवलेलं फीड खोलीत ४ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. फ्रिजमध्ये झाकून २४ तास. देण्याआधी बाहेर काढून ठेवा, गॅसवर तापवू नका.

देताना ५० किंवा ६० मिलीची सिरिंज दांडा काढून नळीला जोडा. त्याआधी नळी चिमटीत धरा, नाहीतर हवा आत जाते. आधी ३० मिली पाणी, मग फीड, शेवटी पुन्हा ३० मिली पाणी. सिरिंज पोटाच्या वर धरून फीड आपल्या वजनाने उतरू द्या; तळाशी थोडं उरलं की पुढचं ओता, पूर्ण रिकामी होऊ देऊ नका. २०० ते ३०० मिलीला १५-२० मिनिटं लागायला हवीत. वेगाने जात असेल तर सिरिंज खाली घ्या. दांड्याने ढकलायचा मोह टाळा. (इथले आकडे मोठ्या माणसांचे आहेत, मुलांचे वेगळे.)

पाण्याचा हिशेब बऱ्याच घरी चुकतो. १ मिलीला १ कॅलरी देणाऱ्या फॉर्म्युल्यात साधारण ८५ टक्के पाणी असतं. म्हणजे १५०० मिलीतून १५०० कॅलरी आणि सुमारे १२७५ मिली पाणी. दीड कॅलरीवाल्या फॉर्म्युल्याचे १००० मिली तेवढ्याच कॅलरी देतात, पण पाणी सुमारे ७७० मिलीच. फॉर्म्युला बदलला आणि वरचं पाणी वाढवलं नाही, तर लघवी गडद होते, शौचाला खडा होतो, माणूस ग्लानीत जातो. हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर पाण्याची मर्यादा डॉक्टरच ठरवतील.

औषध फीडमध्ये कधीच मिसळू नका. प्रत्येक औषध वेगळं द्या, मध्ये पाणी सोडा. हळूहळू विरघळणाऱ्या किंवा आवरण असलेल्या गोळ्या कुटायच्या नाहीत. त्याऐवजी पातळ औषध मिळतं का ते विचारा. पातळ औषधातल्या सॉर्बिटॉलनेही (गोडीसाठी घातलेला पदार्थ) जुलाब होतात, त्यामुळे दोष दर वेळी फॉर्म्युल्याचा नसतो.

नळी तुंबली तर मोठ्या सिरिंजने कोमट पाणी हळू आत-बाहेर करा. लहान सिरिंजचा दाब जास्त असतो, नळी फाटू शकते. तार घालू नका. कोला नको, त्यातल्या आम्लाने प्रथिनं फाटून गाठ आणखी घट्ट होते.

देता देता खोकला लागला, दम लागला, ओठ निळसर झाले, तर लगेच थांबा, नळी बंद करा आणि तातडीची मदत बोलवा.

पोटावरून बसवलेली पेग नळी असेल तर भोवतीची त्वचा रोज साबण-पाण्याने धुऊन कोरडी करा. नळी निघून आली तर भोक काही तासांतच आवळायला लागतं. त्यावर स्वच्छ गॉज ठेवा, निघालेली नळी सोबत घ्या आणि तडक रुग्णालय गाठा. नवी बसवलेली नळी घरी परत आत घालू नका, कारण वाट पक्की झालेली नसते आणि फीड पोटाच्या पोकळीत सांडू शकतं.