लाकडी धनुष्य घडवताना मोडतंय? या चुका टाळा

धनुष्य मोडतं दोरी ओढताना, पण बिघाड बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी झालेला असतो. म्हणून मोडलेले तुकडे लगेच चुलीत घालू नका. आधी भेग कुठून सुरू झाली ते बघा.

ओढलेल्या धनुष्याची पाठ, म्हणजे लक्ष्याकडची बाजू, ताणली जाते. पोट, म्हणजे आपल्याकडची बाजू, दाबलं जातं. पाठीवरून लांब ढलपी उचकटली असेल तर तिथले रेषे कापले गेले होते. मोड आडवा आणि सरळ पडला असेल तर लाकूड कुजकं किंवा अति सुकलेलं असण्याची शक्यता मोठी. पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या दिसल्या तर ती जागा बाकीच्या भुजेपेक्षा (भुजा म्हणजे मुठीच्या वरचा किंवा खालचा वाकणारा भाग) जास्त वाकत होती.

पाठ तासताना रेषे कापणं

माझ्या मते सगळ्यात जास्त धनुष्यं इथेच मरतात. वखारीतली फळी दिसायला सरळ, पण करवतीला रेष्यांची पर्वा नसते. फळीच्या कडेवरची रेषा बोटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवत न्या. मध्येच ती पाठीवर बाहेर पडत असेल तर मोड तिथेच पडणार. शक्य असेल तर ओंडका पाचरी मारून फोडावा. मग फाट रेष्यांच्याच वाटेने जाते.

अ‍ॅश किंवा ओसेज ऑरेंज अशा लाकडांत प्रत्येक वाढवलयाचे दोन थर स्पष्ट दिसतात, एक सच्छिद्र आणि एक घट्ट. (सागाच्या आडव्या कापावर हीच रचना बघायला मिळते; डोळा तयार करायला तो तुकडा चांगला.) पाठ या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच वलयाची हवी. दोन्ही हातांनी ओढायचा सुरा सच्छिद्र थरातून जाताना करकरतो आणि भुगा पाडतो. घट्ट थराला लागला की आवाज बदलतो, लांब गुळगुळीत साल निघते. त्या घट्ट थरावर सुरा चालवायचाच नाही. वर उरलेला सच्छिद्र भाग बोथट पात्याने खरवडून काढा, खिडकीचा तिरपा उजेड घेऊन. घाई केली आणि एका जागी खालचं वलय उघडं पडलं, तर सगळी पाठ त्या वलयापर्यंत उतरवावी लागते. पर्याय नाही.

गाठ आली तर ती सपाट करू नका. भोवती थोडं जास्त लाकूड ठेवून उंचवटा तसाच राहू द्या. १५४५ साली बुडालेल्या आणि १९८२ साली वर काढलेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रज युद्धनौकेवर यू लाकडाची धनुष्यं सापडली. त्यांच्यावरही गाठींपाशी कारागिरांनी असं लाकूड राखलेलं दिसतं. बांबूचंही तसंच: त्याची बाहेरची साल हीच त्याची ताकद. ती पाठीवर ठेवा आणि पेरांवर रंधा मारू नका. सातपुड्यातले भिल्ल बांबूच्या धनुष्याला दोरीसुद्धा बांबूच्या सालपटाची लावतात, यावरून तिचा चिवटपणा कळावा.

पाठीच्या कडा गोल करायला विसरू नका. धारदार कोपऱ्यावर ताण साठतो. दोरीच्या खाचा बाजूंनी घ्या, पाठीवरून आरपार कधीच नको.

ओलाव्याचा अंदाज चुकणं

लाकडात साधारण ८ ते १० टक्के ओलावा हवा. जास्त असेल तर धनुष्य मोडण्याऐवजी वाकडं होऊन बसतं. फार कमी असेल तर काडीसारखं तुटतं. कोकणातल्या पावसाळ्यात पहिलं संकट, विदर्भातल्या मे महिन्यात दुसरं. ओला ओंडका आणला की दोन्ही टोकांना लगेच फेव्हिकॉल किंवा ऑइल पेंट लावा, नाहीतर टोकं तडकतात. मग अधूनमधून वजन करत राहा. वजन घटायचं थांबलं की लाकूड त्या हवेशी जुळलं. बाक काढायला शेक दिला असेल तर पुढचे काही दिवस धनुष्य वाकवायचं नाही.

एकदम पूर्ण ओढणं

टिलरिंग म्हणजे दोन्ही भुजा सारख्या वाकेपर्यंत पोटाकडून थोडं थोडं लाकूड काढणं. इथे जाडीचा हिशेब लक्षात ठेवा: ताठरपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. १५ मिलिमीटर जाडीतला १ मिलिमीटर गेला की त्या जागेचा ताठरपणा जवळपास एक पंचमांशाने घटतो. म्हणून मरफा (लाकडाची खरखरीत कानस) लवकर खाली ठेवा आणि शेवटचं काम बोथट पात्याने करा.

आधी जमिनीवर टेकवून वाकवा, मग लांब दोरीवर. दर वेळी लाकूड काढल्यावर वीस-तीस वेळा हलकेच ओढून सोडा, तेव्हा कुठे बदल खरा दिसतो. भिंतीवरच्या खुंटीला अडकवून, कप्पीने ओढून, लांबून बघा. एखादी जागा बिजागरीसारखी वाकत असेल तर तिला हात लावू नका. तिच्या दोन्ही बाजूंचा ताठ भाग पातळ करा. ती दिसत असताना आणखी ओढणं म्हणजे मोड ओढवून घेणं. धनुष्य ओढायला लागणारा जोर पौंडांत मोजतात; शेवटी जितके पौंड हवेत त्याच्यापेक्षा जास्त जोर कोणत्याही टप्प्यावर लावू नका. लांबीत कंजूषी नको: २८ इंच ओढायचं आणि मूठ ताठ ठेवायची असेल तर ६६-६८ इंच ठेवा.

भेग दिसली तर

रेष्यांच्या दिशेने गेलेली सुकण्याची बारीक भेग सहसा घातक नसते; पातळ सुपरग्लू भरून वर दोरा गुंडाळला की चालतं. पोटावर सुरकुत्या पडल्या असतील तर शेजारचा ताठ भाग कमी करा आणि कमी पौंडांवर समाधान माना. पाठीवर आडवी भेग किंवा उचललेली ढलपी दिसली तर मात्र दोरी उतरवा आणि ते धनुष्य पुन्हा ओढू नका. मोडलेली भुजा थेट तोंडावर येते. म्हणून घडवताना प्रत्येक ओढीला डोळ्यांवर चष्मा असू द्या.