सरगॅसमचा कागद: चूल पेटवण्याआधी

आधी तिथी पाहा. कातळ पुरते उघडे पडतात ते अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणातल्या ओहोटीला. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या मंद ओहोटीच्या दिवशी गेलात तर हात हलवत परत याल. पावसाळा सरल्यावर मिरीएवढ्या फुग्यांचे सरगॅसम, म्हणजे तपकिरी समुद्री शेवाळ, कातळावर दिसेल. विळ्याने वीतभर बुडखा ठेवून कापा, उपटू नका. मालवणच्या सागरी अभयारण्याच्या हद्दीत मात्र विळा काढायचाच नाही. ते १९८७ पासून संरक्षित आहे. दहा किलो ओल्याचे सुके किलो-सव्वा किलो भरते. गोड्या पाण्यात तीनदा खळबळून वाळवा.

पुढचे माप १०० ग्रॅम सुक्या शेवाळाचे. आम्लाला प्लास्टिकची बादली, बाकी भांडी स्टीलची हवीत. ॲल्युमिनियमचे पातेले कॉस्टिक सोडा खातो आणि पेट घेणारा हायड्रोजन सुटतो. चष्मा आणि कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आधी, रसायनांच्या पुड्या नंतर. कॉस्टिक पाण्यात टाकायचे, कॉस्टिकवर पाणी ओतायचे नाही. अंगावर उडाले तर व्हिनेगर वगैरे काही लावत बसू नका, पंधरा मिनिटे नुसते वाहते पाणी.

दोन लिटर पाण्यात ३० मिली हायड्रोक्लोरिक आम्ल. तासभर शेवाळ भिजले की शिंपल्यांचा चुना फसफसून जातो आणि अल्जिनेटला, म्हणजे शेवाळातल्या चिकट पदार्थाला, धरून ठेवणारे कॅल्शियम सुटते. हे टाळलेत तर पुढे सोडा ओतत राहाल आणि अल्जिनेट जागचे हलणार नाही. मग धुऊन, दोन लिटरला ६० ग्रॅम धुण्याचा सोडा, ६० अंशांवर दोन तास. द्राव पेजेसारखा चिकट होतो आणि मलमल तुंबते. पिळत बसू नका, चौपट गरम पाण्याने पातळ करून गाळा. उरलेल्या चोथ्याला दोन लिटरला ८० ग्रॅम कॉस्टिक, ८० अंश, दोन तास. राहील तो लगदा पीएच पट्टी ७ दाखवेपर्यंत धुवा. इथेच सगळ्यात जास्त पाणी लागते, टाकी भरलेली ठेवा.

रंग काढायला ६ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड २५० मिली, तेवढेच पाणी, चिमूटभर कॉस्टिक. जांभ्यातल्या विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर पेरॉक्साइड फुकट फेसाळून जाते, लगदा पिवळाच राहतो. या टप्प्याला डिस्टिल्ड पाणी आणून ठेवा.

हाती दहाएक ग्रॅम लागतील, म्हणजे ८० जीएसएमचे (चौरस मीटरला ८० ग्रॅम) दोन ए-फोर. नुसत्या या लगद्याचा कागद आक्रसून तडकतो. तिसरा हिस्सा केळीच्या धाग्याचा लगदा मिसळा. त्याच दिवशी चौकटीवर घेणार नसाल तर ओलाच, झाकून फ्रीजमध्ये ठेवा. एकदा सुकला की तंतू एकमेकांना घट्ट चिकटतात, मिक्सरमध्ये कितीही फिरवा, पूर्वीसारखे सुटत नाहीत.