संत्र्याच्या डेटावर स्टोकॅस्टिक फ्रंटियर चालवताय? या चुका टाळा

काटोल-नरखेडच्या बागांचा सर्व्हे आटोपला, एक्सेल भरलं, स्टाटा या सांख्यिकी सॉफ्टवेअरात ‘फ्रंटियर’ कमांड दिली. ही कमांड शक्य तेवढ्या उत्पादनाची सीमा आखते आणि प्रत्येक बाग तिच्या किती जवळ पोचली ते कार्यक्षमता म्हणून सांगते; 1 म्हणजे पूर्ण. आणि सगळ्याच बागांची कार्यक्षमता 0.99! नागपुरात प्रबंध लिहिणारे बरेच जण इथेच सॉफ्टवेअरला बोल लावतात.

दोष तिथे नसतो. अकार्यक्षमता उत्पादन खालीच ओढते, म्हणून ओएलएसच्या (साध्या रिग्रेशनच्या) रेसिड्युअलचा, म्हणजे उरलेल्या फरकांचा, स्क्यूनेस (एका बाजूचा कल) ऋण हवा. तो धन निघाला की सिग्मा-यू, म्हणजे अकार्यक्षमतेच्या (यू-च्या) पसरटपणाचं माप, शून्यावर जाऊन बसतो आणि हाती ओएलएसचंच उत्तर येतं. अर्थशास्त्रज्ञ वाल्डमन यांनी 1982 मध्येच हे दाखवलंय. अकार्यक्षमतेचं वितरण हाफ-नॉर्मल सोडून एक्स्पोनेन्शियल करून बघू, या खटाटोपात शिरण्याआधी साधं रिग्रेशन चालवा आणि रेसिड्युअलचा हिस्टोग्राम बघा. मग डेटाकडे वळा. आंबिया आणि मृग या दोन वेगळ्या बहारांच्या (फुलोऱ्याच्या हंगामांच्या) बागा एकाच फलनात कोंबल्यात का? झाडांचं वय घेतलंय का? नुकती फळावर आलेली बाग जुन्या बागेपुढे अकार्यक्षमच दिसणार. पाणी तोडून दिलेला ताण नीट बसला नाही म्हणून मृग बहार फुटला नाही, तर त्यात शेतकऱ्याचा काय दोष? पण मॉडेलला ते तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार नाही.

शेणखत शून्य असलेल्या बागा हा दुसरा घोळ. शून्याचा लॉग घेतला की स्टाटा ती नोंद मुकाट्याने गाळतो. त्यावर 0.0001 टाकायचा जुगाड करू नका. त्याचा लॉग उणे 9.2 येतो आणि तेवढ्याच बागा सगळा उतार वाकवतात. शून्यासाठी वेगळा डमी (0 किंवा 1 असा चल) ठेवा.

खर्चाचं फलन असेल तर स्टाटात ‘कॉस्ट’ ऑप्शन द्या. आर या सॉफ्टवेअरच्या ‘फ्रंटियर’ पॅकेजमध्ये ‘इनएफडिक्रीज’ (ineffDecrease) फॉल्स करा. विसरलात तर अकार्यक्षमतेचं चिन्हच उलटं.

आधी कार्यक्षमता काढायची आणि मग तिचं शिक्षण, कर्ज यांच्यावर रिग्रेशन करायचं, ही पद्धत अजूनही सर्रास दिसते. वांग आणि श्मिट यांनी 2002 मध्ये त्यातला बायस (एकीकडे झुकणारी चूक) दाखवूनही ती जात नाही. बॅटीस-कोएली यांच्या 1995 च्या मॉडेलसारखं दोन्ही एकाच टप्प्यात करा. तिथे ‘नॉट कॉन्केव्ह’ (गणित उत्तराकडे सरकत नाही) या इशाऱ्यांची रांग लागली, तर कर्ज रुपयांऐवजी लाखांत टाकून बघा.

आणि गॅमा (सिग्मा-यू वर्ग भागिले सिग्मा-यू वर्ग आणि निव्वळ योगायोगाच्या चुकीचा सिग्मा-व्ही वर्ग यांची बेरीज) 0.80 आला म्हणून ‘80 टक्के तफावत अकार्यक्षमतेमुळे’ असं लिहू नका. हाफ-नॉर्मलमध्ये यू-चं व्हेरियन्स (विचलनाचं माप) सिग्मा-यू वर्गाच्या जेमतेम 0.36 पट असतं. त्या हिशेबाने वाटा 59 टक्क्यांच्या आसपास येतो.